तिसरी चढाई आणि जड झालेले पाय

कार्तिक लागला की आमच्याकडे दोन मोसम एकदम उघडतात, जत्रांचा आणि कबड्डीचा. एका देवळात रात्री दशावतार, तर शेजारच्या गावात हॅलोजन लावून सामने. साहजिकच या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी जमणार नाही. ज्यांनी पत्रात मोबाइल नंबर दिलाय, त्यांना मी फोन करीन. ज्यांनी पत्रातच "फोन करू नका, घरी कळेल" असं लिहिलंय, त्यांना अर्थातच करणार नाही.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी जिल्ह्याच्या कबड्डी संघातून आठ वर्षं डावा कोपरा खेळले, म्हणजे डाव्या टोकाला उभं राहून पकडी केल्या. गुडघ्याने घरी बसवलं. मग मानसशास्त्र शिकले, आणि आता मालवणात बसून खेळाडूंच्या मनाचं काम बघते. मैदानावर पोरं "ताई" म्हणतात, त्यांचे पालक "मॅडम" म्हणतात, आणि माझी आई अजून म्हणते, "ही पोरांशी गजाली मारता आणि पैशे घेता."

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे, चढाईपटू आहे. सरावात आमच्या सगळ्या पोरींना मी बाद करते. पण सामन्यात तिसरी चढाई माझ्यावर आली की पाय सिमेंटचे होतात. रेषा ओलांडते आणि काही सेकंदांत दम तुटतो. सर म्हणतात, "तू मनाने कच्ची आहेस." मी खरंच कच्ची आहे का?
*— एक खेळाडू, देवगड*

नाहीस. मी असं म्हटलं म्हणून सरांना जाऊन सांगू नकोस, पण "मनाने कच्ची" हे काही निदान नव्हे, तो त्यांचा वैताग आहे. हातातला सामना गेला की मीही पूर्वी असंच बोलायचे.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी सांगते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हातात जास्तीत जास्त तीस सेकंद, समोर वाट बघणाऱ्या सात जणी. त्यात ह्या बाईंना गुण आणायचाच आहे हे त्या सातही जणींना माहीत. म्हणजे लपवण्यासारखंही काही उरलेलं नसतं.

आता एक जुनी गोष्ट. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या माणसाला दिसलं की सायकलस्वार एकटा असताना जेवढा पळतो, त्यापेक्षा सोबतीला कोणी असलं की जोरात पळतो. हे तपासायला त्याने काय घेतलं असेल? मासे पकडायच्या गळाची रिळं! मुलांना ती भराभर गुंडाळायला लावली, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल बसवून. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग सोबतीने वाढला. १० जणांना फारसा फरक पडला नाही. आणि उरलेले १० इतके चेव चढून लागले की हात गोंधळले आणि वेग उलट कमी झाला. तू त्या शेवटच्या दहांतली. रीळ गुंडाळायला त्यांनाही येत होतंच.

पाय सिमेंटचे होतात हे तू अगदी बरोबर लिहिलंयस. तो भास नाही. घाबरल्यावर मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकदमच आवळून धरले जातात. एक ओढतो पुढे, दुसरा मागे. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारखीच माणसं लागली तर दोर जाणार कुठे?

आणि दम. आपल्या खेळातली ही फार सुंदर आणि फार क्रूर गोष्ट आहे. बाकीच्या खेळांत घाबरलेला माणूस दीर्घ श्वास घेऊन स्वतःला सावरतो. आपल्याला तो एकदाच घ्यायचा आणि खर्च करत जायचा. घाबरलेली पोरगी श्वास घेते तो खांद्यातून, छातीच्या वरच्या वर. अर्धी घागर भरून निघालीस तर वाटेतच संपणार. म्हणून उठायच्या आधी पोटातला सगळा वारा बाहेर टाक. सावकाश, ओठ चिमटीत धरल्यासारखे करून. श्वास लांबवून सोडला की काळजाचे ठोकेही जरा खाली येतात. आधी रिकामी हो, मग भर, मग रेषेवर पाय.

दुसरं, सामन्यात तुझं लक्ष कुठे असतं? माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव. तुझं लक्ष तुझ्या पायांवर असतं. सरावात पाय आपले आपण चालतात, सामन्यात तू त्यांच्यावर मुकादम होऊन बसतेस. भाकरी थापणाऱ्या बाईला मध्येच विचार, "काकी, बोटं नेमकी कशी फिरवता?" भाकरी फाटलीच समज. शिकलेल्या हातापायांवर नजर ठेवली की ते शिकाऊ होतात. तेव्हा नजरेला दुसरं काम द्यायचं. मी ज्या मुलींबरोबर काम करते त्यांना सांगते, समोरच्या कोपऱ्याचे घोटे बघा. चेहरा नाही, घोटे. घोटा पकडीला झेपावणारी पोरगी आधी टाच उचलते. मी आठ वर्षं उचलत होते, म्हणून माहीत.

तिसरं मला शाळा-कॉलेजात कोणी शिकवलं नाही, ते मी देवळाच्या मागे बघितलं. दशावतारी कलाकार दिवसभर प्रवास करून येतो, लिहिलेली संहिता नाही, रात्रभर बोलायचंय. तो काय करतो? पेटारा ठेवतो, गणपतीला हात जोडतो, आरसा पुढ्यात घेऊन स्वतःचा रंग स्वतः लावतो. रोज तसंच, त्याच क्रमाने. रंग पुरा होईपर्यंत दिवसभराचा माणूस गेलेला असतो आणि तिथे राजा बसलेला असतो. तुझाही असा छोटा पेटारा हवा. मातीला हात, श्वास बाहेर, घोटे. पाच-सहा सेकंदांचं काम. मात्र ते प्रत्येक चढाईला करायचं, सरावातल्या फालतू चढाईलासुद्धा. फक्त तिसऱ्या चढाईला केलंस तर ते धोक्याची घंटा होऊन बसेल.

आणि सरांना एक विनंती कर (ही माझ्या नावाने केलीस तरी चालेल). सरावाच्या शेवटी, सगळ्या दमलेल्या असताना, रोज एकच तिसरी चढाई ठेवा. बाकीच्या पोरींनी ओरडायचं, जमलं तर गावातल्या समालोचन करणाऱ्या काकांना माइक घेऊन बोलवायचं. गुण नाही आला तर सगळ्या संघाला दोन फेऱ्या. काकांचा तो "आता काय होतांऽऽ" असा लांबवलेला आवाज तू सरावात पन्नासदा ऐकलास की सामन्यात तो नुसता आवाज राहील. भीती जाईल असं मी म्हणत नाही. माझी कधी गेली नव्हती.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, जलतरणपटू. गेल्या वर्षी त्याने तीन पदकं आणली. या वर्षी एकही नाही, वेळाही वाढल्या आहेत. मी त्याची प्रत्येक वेळ वहीत लिहून ठेवतो, घरी येताना गाडीत त्याच्याशी चुकांवर चर्चाही करतो. तरी तो हल्ली गप्प असतो. त्याला मानसिकदृष्ट्या कणखर कसं करावं?
*— एक पालक, कुडाळ*

तुमच्याकडे हापूसची कलमं आहेत का? नसली तरी कुडाळात राहता, म्हणजे माहीत असणारच. हापूस एक वर्ष लगडतो आणि पुढचं वर्ष हात राखतो. त्यावर उपाय म्हणून कल्टार नावाचं औषध आलं. मुळाशी घातलं की झाड दरवर्षी मोहरतं. पण जाणता बागायतदार त्याबरोबर खत वाढवतो, झाडाचा घेर मोजून मात्रा ठरवतो, आणि कोवळ्या कलमाला हात लावत नाही. नुसतं कल्टार ओतत राहणाऱ्याची बाग पुढे कशी दिसते तेही तुम्ही बघितलं असेल.

बारा वर्षांच्या मुलाला तुम्ही गाडीत कल्टार घालताय.

रागावू नका. या वयात हातपाय झपाट्याने लांब होतात. काल बसलेला स्ट्रोक आज बसत नाही, कारण काल ज्या हाताने पाणी मारलं तो हात आज राहिलेला नाही. वेळा वाढण्याचं एवढं साधं कारण असू शकतं. ते त्याच्या प्रशिक्षकाला विचारा. उंची आणि वजन लिहायला तीच वही वापरा, म्हणजे वही वाया जाणार नाही.

गाडीत मात्र पोहण्याबद्दल तोंडातून एक अक्षर काढू नका. अजिबात नाही, "छान पोहलास" हेसुद्धा नाही. भूक लागलीय का विचारा, वाटेत वडापाव खा. तो स्वतःहून बोलला तर ऐका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारते, खेळातलं सगळ्यात नकोसं काय? पराभव म्हणणारी थोडी असतात. परतीचा प्रवास म्हणणारी पुष्कळ. कणखरपणाचं मग बघू. आधी तो गप्प का झालाय ते कळू दे, आणि पदकाशिवाय घरी आलेल्या दिवशीही ताटात तेवढेच मासे पडतात हे त्याला दिसू दे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा, राज्य पातळीपर्यंत खो-खो खेळलो. आता खेळ थांबला आहे. मला तुमच्यासारखं क्रीडा मानसशास्त्रज्ञ आणि परफॉर्मन्स कोच व्हायचं आहे. दहा वर्षं मैदानावर काढल्यामुळे खेळाडूच्या मनातलं मला आपोआप कळतं. कोणता कोर्स करू? एका ऑनलाइन जाहिरातीत आठ आठवड्यांत सर्टिफिकेट मिळतं असं वाचलं.*​*
*— एक वाचक, रत्नागिरी*

कोर्सचं नंतर सांगते. आधी तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. "आपोआप."

२००९ साली, तेवीस वर्षांची असताना, एका स्पर्धेत माझा गुडघा फिरला. रात्री दव पडून मैदान निसरडं झालं होतं. संघाबरोबरच्या जबाबदार माणसाने पट्टी बांधली आणि म्हणाला, "सेमी आहे, उभी तरी राहा." मी उभी राहिले. दुसऱ्या पकडीत आतला लिगामेंट पुरता तुटला. शस्त्रक्रिया झाली, पाय सरळ झाला, पण कोपऱ्यात परत वाकून बसता येईना. दोन वर्षं मामाच्या काजूच्या कारखान्यात पोत्यांचा हिशेब लिहिला. घरी जायचा सरळ रस्ता मैदानावरून होता, म्हणून बाजारातून वळसा घालून जायचे. मग पंचविसाव्या वर्षी कोल्हापूरला खोली घेऊन एम.ए.ला बसले, एकवीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी. मलाही तेव्हा वाटायचं, पुस्तकातलं ह्यांना कळेल, खेळाडूचं मला आपोआप कळतं.

पुढे शिकाऊ म्हणून काम करताना पहिला मुलगा आला. खांदा निखळून बरा झालेला, पण पकड करायला हात पुढे जात नव्हता. त्याने दोन वाक्यं सांगितली आणि मी सुरू झाले. माझा गुडघा, माझी शस्त्रक्रिया, माझा वळसा. उठताना तो मुलगा फार मायेने म्हणाला, "ताई, पण आता तुमचं बरं हाय ना?"

त्याच्या परवानगीने ते बोलणं रेकॉर्ड केलं होतं, माझ्या मार्गदर्शक बाईंना ऐकवायला. बाईंनी घड्याळ लावून ऐकलं. चाळीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं मी बोलत होते. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "त्याला नेमकी भीती कशाची वाटते?" मला सांगता आलं नाही. खांदा पुन्हा निखळेल ही त्याची भीतीच नव्हती, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. त्याच्या जागी जो मुलगा संघात आला होता तो त्याचा सख्खा मित्र होता, आणि आपण परतलो की मित्र बाहेर बसणार हे त्याला नको होतं. माझ्या गुडघ्यात या गोष्टीचं उत्तर कुठून असणार?

तुमची दहा वर्षं फुकट नाहीत. मैदानावर उभं कुठे राहायचं, प्रशिक्षकाच्या वाटेत कधी यायचं नाही, हरल्यावर पहिली दहा मिनिटं कोणाशीच का बोलायचं नाही, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. पोरं दार लवकर उघडतील. पण दार उघडल्यावर आत जाऊन आपलंच सामान मांडायचं नसतं. पॅडी अप्टन भारतीय क्रिकेट संघाबरोबर २०११ च्या विश्वचषकात मानसिक तयारीचं काम करत होते, आणि २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या वेळी गुकेशबरोबर होते. ते काही बुद्धिबळपटू नव्हेत.

आता कोर्स. पदवीला मानसशास्त्र असेल तर पुढे दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. नसेल तर प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, आधी चौकशी करा. इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्र हाच विषय घेऊन एम.ए. करता येतं. पतियाळाची एन.आय.एस. (राष्ट्रीय क्रीडा संस्था) तुम्हाला माहीत असेलच, पण तिथला डिप्लोमा प्रशिक्षक होण्यासाठी आहे. दोन्हींत गल्लत करू नका. आणि "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" ही पाटी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती माझ्याकडे नाही. म्हणून नैराश्य, जेवण टाकणं, स्वतःला इजा करणं असं काही दिसलं की मी तो खेळाडू डॉक्टरांकडे पाठवते, आणि पाठवून विसरत नाही. आपलं कुंपण कुठे संपतं हे माहीत असणं हा या धंद्याचा अर्धा भाग.

"परफॉर्मन्स कोच" किंवा "मेंटल कोच" या पाटीला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही. आठ आठवड्यांची सर्टिफिकेटं म्हणूनच विकली जातात. घ्यायचं तर घ्या, भिंतीला शोभा येईल. मला विचाराल तर त्या पैशात एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षभर बसा, आणि तो तुमची रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐकेल अशी अट घाला.

पैशाचं कोणी विचारत नाही, पण सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. नुसत्या खेळाडूंवर कोकणात घर चालत नाही. मी आठवड्यातले तीन दिवस एका कॉलेजात समुपदेशक आहे, त्यावर चूल पेटते. कबड्डी संघ मानधन म्हणून शाल-श्रीफळ देतात. माझ्याकडे सतरा शाली आहेत, आणि मालवणात शाल पांघरण्याइतकी थंडी कधी पडते ते तुम्हीच सांगा.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. पहिल्याच महिन्यात कोणीतरी प्रशिक्षक तुम्हाला चहाला नेईल आणि विचारेल, "काय म्हणाला तो? खेळेल ना रविवारी?" पैसे बहुधा त्याच्याच संघाने दिलेले असतील. त्या चहाच्या टपरीवर तुम्ही गप्प राहू शकलात तर मला पुन्हा पत्र लिहा, मी माझ्या बाईंचा पत्ता देते.

प्रश्न : मी एअर रायफल नेमबाज आहे. स्पर्धेत हात थरथरतात. एका सीनियरने सांगितलं की बीपीच्या डॉक्टरला सांगून प्रोप्रानोलॉल घे, हात स्थिर होतो. घेऊ का?
*— नाव नको, सावंतवाडी*

नको. ती बीटा-ब्लॉकर जातीची गोळी आहे आणि नेमबाजी व तिरंदाजीत तिच्यावर बंदी आहे, फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, एरवीसुद्धा. नमुन्यात सापडलात तर "सीनियरने सांगितलं" हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. दमा असेल तर ती धोक्याचीही आहे. एखाद्या आजारासाठी डॉक्टरांनी खरोखरच दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना तुम्ही नेमबाज आहात हे सांगा, आणि सूट मागायची रीतसर पद्धत असते ती समजून घ्या.

बाकी, हात सगळ्यांचेच हलतात. रायफलची नळी पुरती स्थिर धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. चांगला नेमबाज ते हलणं थांबवत नाही, त्या हलण्यातच चाप दाबायला शिकतो. तुम्ही थरथर थांबण्याची वाट बघत बसता, तेवढ्यात दंड भरून येतो आणि थरथर वाढते. फार वेळ धरलंत तर रायफल खाली घ्या. आणि सामन्याच्या सकाळी किती कॉफी पिता ते मोजा.

प्रश्न : वय ४१. होडीवर असतो. एके काळी पंचक्रोशीत माझ्या चढाईला माणसं लांबून यायची. आता मैदानावर पोरं खेळताना दिसली की पोटात कसंतरी होतं, थांबवत नाही. संध्याकाळ जात नाही. पिणं वाढलंय. बायकोला हे सांगता येत नाही. यात विचारण्यासारखं काही आहे का तेही माहीत नाही.
*— नाव छापू नये*

दादा, आहे. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर मोठी पोकळी आली असं तो स्वतः उघडपणे सांगत आला आहे. ज्याला सगळं मिळालं त्याचीही संध्याकाळ रिकामी होते, तर ज्याचा खेळ एके दिवशी नुसता थांबला, निरोप नाही की काही नाही, त्याची का होऊ नये? पंचक्रोशीतला तो चढाईपटू गेला आणि त्याचं दहावं-बारावं कोणी केलं नाही. एवढंच झालंय, आणि हे एवढंसं नाही.

माझा बाजारातला वळसा तीन वर्षं चालला. तो सुटला कसा तर एका स्पर्धेला गुणलेखक आला नव्हता, कोणीतरी मला हात धरून टेबलाशी बसवलं. खाली मान घालून आकडे लिहायचे, एवढंच. पहिल्या दिवशी मी बहुतेक वेळ कागदाकडेच बघितलं. तुम्हाला प्रशिक्षक व्हा, पोरं घडवा असं सांगणारे भेटतील. ते आत्ता नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते तेव्हा तुम्ही होडी ओढून ठेवता, जाळी शिवत बसता. त्या दोन महिन्यांत मासे मिळत नाहीत म्हणून तुम्ही मच्छीमार नाही असं कोणी म्हणत नाही. टेबलाशी बसून बघा. पोटात कसंतरी होईल. होऊ द्या, पण पळून जाऊ नका, एक सामना संपेपर्यंत बसा.

पिण्याबद्दल मी गोड बोलणार नाही. संध्याकाळ भरायला घेतलेली दारू संध्याकाळवर थांबत नाही हे तुम्ही बंदरावर रोज बघता. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही. समुद्रावर रेंज नसेल, पण जेटीवर असते. आणि जगणंच नकोसं वाटलं अशी एखादी रात्र आली तर तेव्हा वाट बघू नका, तेव्हाच लावा.

बायकोला हे सांगता येत नाही म्हणता. मला वाटतं, तिला अर्धं माहीत आहे. मासिक घरात उघडं ठेवून द्या.

प्रश्न : आमच्या संघात सामन्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळे मिळून साकडं घालतात. नवे प्रशिक्षक म्हणतात ही अंधश्रद्धा, बंद करा. जुनी पोरं रुसली आहेत. तुमचं शास्त्र काय म्हणतं?
*— संघ व्यवस्थापक, वेंगुर्ले*

माझं शास्त्र म्हणतं, भांडू नका. वर देवगडच्या मुलीला मी जो पेटारा सांगितला, तोच तुमच्याकडे बारा जणांचा मिळून आहे. सगळे एका जागी उभे, एकाचा आवाज, आणि मग बारा छात्यांतून एकदम सुटणारं "व्हय म्हाराजा". तुमच्या लक्षात आलंय का, ते म्हणताना सगळ्यांचा श्वास एकाच वेळी बाहेर पडतो? असं काही मला करून घ्यायचं असतं तर मी कार्यशाळा भरवली असती आणि आणखी एक शाल मिळवली असती.

खटकतं ते एकच. नारळ विसरला म्हणून आज हरणार, असं कोणी म्हणायला लागलं तर ते गाऱ्हाणं राहिलं नाही, कुबडी झाली. म्हणून कधी मुद्दाम नारळाशिवाय घाला. दुसरं, मागायचं काय ते जरा बदला. जिंकणं-हरणं समोरच्या सात जणांवरही असतं, आणि त्यांनीही आपल्या देवाला घातलेलं असतंच. देवाला उगाच पेचात का टाकायचं? गेल्या मोसमात आमच्या मुलींनी बसून स्वतःचं रचलं, ते देते. हवं तर वापरा:

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां मैदानात उतरतत, तेंका सांभाळ रे म्हाराजा. — व्हय म्हाराजा!
कोणाचो पाय मुरगाळलो तर तेका पट्टी बांधून उभो करणाऱ्याक अक्कल दी रे म्हाराजा. — व्हय म्हाराजा!
आणि तिसऱ्या चढायेक जी कोण जायत, तिचो दम रेषेपर्यंत पुरवन दी रे म्हाराजा. — व्हय म्हाराजा!"

दुसरी ओळ त्यांनी मला न विचारता घातली.